मानेतली गाठ: आधी नाती लिहून काढा

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "भावाच्या मानेत कॅरोटिड बॉडी ट्यूमर निघाला. डॉक्टर जीन टेस्ट करा म्हणतात. पण आमच्या घराण्यात हे कुणालाच नाही, मग टेस्ट कशासाठी?" दुसऱ्या पत्रात याच्या उलट घबराट असते: "आत्याला होता, बाबांना होता. आता मी माझ्या मुलांना कुठे कुठे दाखवू?" आणि तिसरा प्रश्न तर आपल्याकडे ठरलेलाच: "तंबाखू नाही, सुपारी नाही, मग मानेत गाठ आलीच कशी?"

तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे. या गाठीचा तंबाखूशी संबंध नाही, त्यामुळे रुग्णाच्या सवयी खणत बसू नका. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र वेळ द्यावा लागेल.

जबड्याच्या कोनाखाली बोट ठेवले की नाडी लागते. त्याच्या आसपास मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दोन फाट्यांत वाटली जाते आणि त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तात प्राणवायू पुरेसा आहे का, यावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. त्याची गाठ म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्यूमर. अशाच पेशींची गाठ कानाच्या पडद्यामागे, कवटीच्या तळाशी किंवा व्हेगस नसेवरही होते. या सगळ्यांचे कुलनाम पॅरागँग्लिओमा. गाठ दुर्मिळ असते आणि बहुतेक वेळा अगदी संथ वाढते, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे विचार करायला, कागद जमवायला, दुसरे मत घ्यायला तुमच्याकडे बहुधा वेळ आहे.

सुई टोचण्याआधी थांबा

आपल्याकडे मानेत गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा, आणि पहिली तपासणी सुईची. क्षय इतका आहे की त्यात डॉक्टरांची चूक म्हणता येत नाही. पण ही गाठ रक्ताने भरलेली असते. सुई घातली की रक्तस्राव होतो आणि रिपोर्टमध्ये "फक्त रक्त मिळाले" एवढेच येते. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये असे दोन रिपोर्ट एकामागे एक लावलेले होते. तिसऱ्या पानावर क्षयाच्या गोळ्यांची चिठ्ठी होती, आणि गाठीचा खरा पत्ता सांगणारा स्कॅन सातव्या पानावर.

डॉक्टरांना हे जरूर सांगा किंवा विचारा:

- गाठ डावी-उजवीकडे हलते, पण वर-खाली सरकत नाही.
- गाठीवर हात ठेवला की ठोका जाणवतो.
- एका कानात नाडीसारखी धडधड ऐकू येते. अशा वेळी पडद्यामागे लालसर काही दिसले तर ते टोचायचे नसते.
- अधूनमधून घाम, धडधड आणि डोकेदुखी एकदम येते किंवा रक्तदाब अचानक चढतो.
- सुईआधी कलर डॉपलर, सीटी अँजिओग्राफी किंवा एमआरआय करता येईल का?

निदान बहुतेक वेळा चित्रांवरूनच पक्के होते. बेचक्यात बसलेली गाठ दोन्ही फाट्यांना असे फाकवते की सीटीवर तो आकार चुकवणे अवघड.

"घराण्यात कुणालाच नाही" याचा अर्थ लागतो का?

फारसा नाही. पॅरागँग्लिओमा आणि त्याचा पोटातला भाऊ फिओक्रोमोसायटोमा, या दोन्हींचे रुग्ण एकत्र धरले तर साधारण तीनांत एकाच्या शरीरात जन्मापासून असलेला जनुकीय बदल सापडतो. अंगातल्या इतर गाठींमध्ये हे प्रमाण इतके क्वचितच असते. म्हणून अशी गाठ झालेल्या प्रत्येकाला, घरात कुणी आजारी असो वा नसो, जनुक तपासणी सुचवली जाते.

मग घरात कुणाला का दिसत नाही? याचे उत्तर नात्यांत आहे, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

डोक्या-मानेच्या या गाठींमागे सर्वाधिक वेळा सापडणारे जनुक म्हणजे एसडीएचडी. १९८९ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली: आजार वडिलांकडून येतो, आईकडून येत नाही. जनुक कोणते, हे २००० मध्ये कळले. सदोष प्रत आईकडूनही मुलांत उतरते, तितक्याच शक्यतेने, निम्मी निम्मी. पण आईकडून आली तर ती जवळजवळ नेहमीच गप्प बसते. अपवाद नोंदले गेले आहेत, ते बोटांवर मोजण्याइतके.

असे का होते, हे निर्णयापुरते समजून घ्या. आईचे आणि वडिलांचे गुणसूत्र एकसारखे असले तरी त्यांवरच्या खुणा वेगळ्या असतात. काही जनुके फक्त आईच्या प्रतीवर चालू असतात, वडिलांच्या प्रतीवर बंद. अक्षरे तीच, पण कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले, हे ठरवणाऱ्या या खुणांना एपिजेनेटिक म्हणतात. एसडीएचडी ज्या ११ व्या गुणसूत्रावर आहे, त्याच्याच दुसऱ्या टोकाला वाढ आवरणारी, फक्त आईकडून चालू असणारी जनुके आहेत. पेशीतून आईचे ११ वे गुणसूत्र गळाले की एसडीएचडीची चांगली प्रतही जाते आणि लगामही जातो. सदोष प्रत आईच्याच गुणसूत्रावर असेल, तर एका फटक्यात दोन्ही जाणे शक्य होत नाही. आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण हे आहे.

वंशावळ अशी लिहा

इथे मराठी उपयोगी पडते. इंग्रजी फॉर्मवर 'अंकल' आणि 'आंटी' लिहून तुम्ही डॉक्टरांना काहीच सांगत नाही. काका की मामा, आत्या की मावशी, हेच तर हवे आहे. कागद आडवा धरा आणि तीन पिढ्या मराठीतच लिहा.

एक कल्पित कुटुंब घेऊ. आजोबांच्या मानेत म्हातारपणी गाठ होती, "बरीच वर्षं होती, काही त्रास नव्हता." ती त्यांच्या मुलीला, म्हणजे तुमच्या आत्याला, चाळिशीत झाली. आत्याची मुले साठीला आली तरी ठणठणीत. सगळ्यांना वाटले, संपले. आणि आता आत्याच्या मुलाच्या मुलीला, पंचविशीत, गाठ निघाली. घरचे म्हणतात, आमच्यात कुणालाच नाही. मुलीच्या बाबांना नाही हे खरेच, कारण त्यांना ती प्रत आईकडून मिळाली होती. त्यांनी ती पुढे दिली आणि देताना ती 'वडिलांकडून आलेली' झाली.

वंशावळ लिहिताना दोन चुका हमखास होतात. पहिली, आपल्या आडनावाच्या लोकांचीच यादी करणे. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि चुलत बहिणी यादीतून गळतात, आणि त्यांची मुले तर आठवतही नाहीत. जनुकाला आडनाव कळत नाही. दुसरी चूक याच्या उलट: "वडिलांकडून येतो म्हणजे पुरुषांचा आजार." तसे नाही. बाधित वडिलांच्या मुलीला मुलाइतकाच धोका असतो.

लिहिताना प्रत्येकापुढे हे टिपा: मानेत, कानात, पोटात कुठली गाठ, लहान वयात रक्तदाब, मूत्रपिंडाची गाठ, भूल दिल्यावर किंवा बाळंतपणात अचानक झालेला मृत्यू. आजीला विचारा. आजी असेपर्यंतच विचारा.

तपासणी कोणाची आधी?

ज्याला गाठ आहे त्याची. निरोगी भावंडाची तपासणी आधी करून ती 'निगेटिव्ह' आली, तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण शोधायचे काय हेच माहीत नसते. रुग्णात बदल सापडला की नातेवाइकांसाठी तेवढ्या एका बदलाची तपासणी पुरते, आणि तिचा खर्च पूर्ण पॅनेलपेक्षा पुष्कळ कमी असतो.

पैसे भरण्याआधी लॅबला किंवा डॉक्टरांना हे विचारा:

- पॅनेलमध्ये एसडीएचए, एसडीएचबी, एसडीएचसी, एसडीएचडी आणि एसडीएचएएफ२ आहेत ना? व्हीएचएल, आरईटी, मॅक्स, टीएमईएम१२७, एफएच हीसुद्धा असावीत.
- जनुकाचा मोठा तुकडाच गळाला असेल तर तो या पद्धतीत दिसेल का? साध्या वाचनात तो निसटतो.
- नमुना रक्ताचा की गाठीचा? वारशाचा प्रश्न असेल तर रक्ताचा.
- तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन कोण करणार?

पूर्वजांचा मुलूख सांगणाऱ्या किंवा 'वेलनेस' म्हणून विकल्या जाणाऱ्या घरपोच डीएनए किट यासाठी निरुपयोगी आहेत.

शस्त्रक्रिया आधीच झाली असेल, तर गाठीचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात असेल. त्यावर एसडीएचबी प्रथिनाचे रंजन करता येते. रंग धरला नाही तर या जनुकांपैकी एखाद्यात बिघाड असण्याची शक्यता मोठी. ही तपासणी तुलनेने स्वस्त आहे आणि फारसे कुणी आपणहून सुचवत नाही, म्हणून तुम्ही विचारा.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागात या गाठींच्या रुग्णांवर अनेक वर्षे काम झाले आहे, त्यात जनुकीय अभ्यासही आला. टाटा स्मारक रुग्णालयाकडे कर्करोगाच्या वारशासाठी वेगळा विभाग आहे. महाराष्ट्राबाहेर वेल्लोरचे सीएमसी आणि दिल्लीचे एम्स हेही पर्याय.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टच्या पहिल्या पानावर तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते.

*रोगकारक बदल सापडला.* जनुकाचे नाव नीट वाचा, कारण पुढचा रस्ता नावावर ठरतो. एसडीएचडी असेल तर डोक्या-मानेत एकाहून अधिक गाठींची शक्यता मोठी. एसडीएचबी असेल तर बदल असूनही अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण गाठ झालीच तर ती छाती-पोटातही असू शकते आणि पसरण्याचा धोका जास्त. शिवाय एसडीएचबीला आई-वडील हा भेद लागू नाही, तो दोघांकडूनही तितकाच त्रास देतो. एसडीएचएएफ२ मात्र एसडीएचडीसारखाच वडिलांच्या वाटेने येतो.

*अर्थ अनिश्चित असलेला बदल.* रिपोर्टवर 'व्हीयूएस' असे लिहिलेले असते. याच्या जोरावर नातेवाइकांच्या तपासण्या करू नका आणि कुणाचे लग्नही मोडू नका. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा. वर्गीकरण बदलत असते.

*काही सापडले नाही.* गाठ एकच आणि वय जास्त, तर यावर विसंबायला हरकत नाही. पण वय कमी आहे, गाठी अनेक आहेत किंवा ब्लॉकवर एसडीएचबी रंगले नाही, तर एक प्रश्न उरतो: जनुकाची अक्षरे ठीक असून त्यावर मिथाइलची कुलपे लागली आहेत का? एसडीएचसीबाबत असे होते. जठराची एक विशिष्ट गाठ आणि पॅरागँग्लिओमा एकाच व्यक्तीत, बहुधा तरुण स्त्रीत, दिसतात तेव्हा हा संशय घ्यायचा. ही कुलपे सहसा वारशाने येत नाहीत, म्हणजे मुलांची काळजी बरीच कमी होते. नेहमीच्या रक्ततपासणीत ती दिसत नाहीत, वेगळी मिथायलेशन तपासणी मागावी लागते.

नातेवाइकांत कोणाला, कधीपासून?

- वडिलांकडून एसडीएचडी मिळाला असू शकेल अशी मुले: जनुक तपासणी आणि लक्ष ठेवणे साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान सुरू करतात.
- एसडीएचबीच्या कुटुंबातली मुले: त्याहून आधी, सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान.
- आईकडून एसडीएचडी मिळाला असू शकेल अशी मुले: घाई नको. अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवावे. विशेषतः मुलग्यांना हे माहीत हवे, कारण पुढे वडील तेच होणार.
- बदल असलेले निरोगी प्रौढ: वर्षातून एकदा रक्तदाब आणि मेटानेफ्रिन (गाठ संप्रेरक सोडते का, हे सांगणारी तपासणी), दर दोन-तीन वर्षांनी मान ते ओटीपोट एमआरआय. सुरुवातीला एकदा पेट स्कॅन करतात. मुलांत सीटी आणि पेटचे किरण टाळून एमआरआयवर भर द्यायचा.
- बदल नसलेले: घरी जा. दरवर्षी 'मनाच्या समाधानासाठी' स्कॅन करू नका.

मेटानेफ्रिनचे रक्त देताना अर्धा तास शांत आडवे पडून मग नमुना घ्यायचा असतो. लोकल पकडून, जिना चढून, खुर्चीत बसल्या बसल्या दिलेल्या रक्तात आकडा उगाच चढतो आणि घर हादरते. लॅबमध्ये पलंग नसेल तर चोवीस तासांच्या लघवीचा पर्याय मागा. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही आकडा बदलतो. चालू औषधांची यादी सोबत न्या.

मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी, बदल अंगात असेल तर, गर्भ राहण्याआधी मेटानेफ्रिनची तपासणी करून घ्यावी. टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ रुजवण्याआधी ज्ञात आनुवंशिक आजारासाठी त्याची तपासणी करायला २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याने परवानगी आहे. गर्भलिंग कळवण्याला मात्र कुठल्याही कारणाने नाही.

'एपिजेनेटिक' म्हणून जे विकले जाते

यावर थोडक्यात. एसडीएच जनुके बिघडली की पेशीत सक्सिनेट नावाचा पदार्थ साचतो. तो डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो, आणि प्राणवायू असूनही पेशीला तो नाही असे भासवतो. गाठ वाढते ती यातून. हे खरे शास्त्र आहे आणि औषधेही त्यातूनच येत आहेत: प्राणवायूच्या या खोट्या हाकेला रोखणारे बेल्झुटिफॅन अमेरिकेत मे २०२५ मध्ये पसरलेल्या किंवा काढता न येणाऱ्या गाठींसाठी मंजूर झाले. पण याच शब्दाच्या आडून 'मिथायलेशन डाएट', फॉलेटची पाकिटे आणि जनुक दुरुस्त करणारा काढा विकणारेही आले आहेत. साचलेले सक्सिनेट आहाराने निघत नाही. पैसे एमआरआयसाठी ठेवा.

शस्त्रक्रियेची घाई कोणाला आहे?

गाठ लहान, त्रास नाही, आकार स्थिर, तर नुसते लक्ष ठेवणे हाही पूर्ण उपचार आहे. तो 'काहीच न करणे' नव्हे. दुसरा मार्ग किरणोपचार, तिसरा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर कागदावर लिहून नेऊन हे विचारा:

1. गाठ रक्तवाहिनीला किती वेढून आहे? शाम्बलिन वर्ग १, २ की ३?
2. आवाज, गिळणे आणि जीभ यांच्या नसांना धोका किती?
3. मेटानेफ्रिन तपासले का? हा प्रश्न सोडू नका. गाठ संप्रेरक सोडत असेल आणि ते न कळता भूल दिली, तर रक्तदाब जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाला आधी अल्फा ब्लॉकर, गरज पडली तर नंतर बीटा ब्लॉकर. क्रम उलटा करायचा नाही.
4. दुसऱ्या बाजूला गाठ आहे का?

चौथ्या प्रश्नावर अडून बसा. दोन्हीकडच्या कॅरोटिड बॉडी काढल्या तर शरीराचा रक्तदाब सांभाळण्याचा तोल बिघडतो. दाब कधी आकाशाला, कधी तळाला. दोन्हीकडच्या व्हेगस नसा दुखावल्या तर बोलणे, गिळणे आणि श्वास तिन्हींवर बेतते. जनुक तपासणी शस्त्रक्रियेआधी का हवी, याचे कारणही हेच: एसडीएचडी असेल तर दुसरी गाठ उद्या येऊ शकते, आणि आज एका बाजूला किती धोका पत्करायचा हे त्यावर ठरते.

कागद, विमा आणि तुमचे हक्क

- वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळणे हा तुमचा हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ब्लॉक आणि स्लाइडही मागा.
- तुमचा जनुकीय रिपोर्ट तुमचा आहे. तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर तो भावाला, सासरी किंवा कार्यालयात देऊ शकत नाहीत.
- जनुकीय आजार सरसकट वगळण्याचे विम्यातले कलम दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भेदभावाचे ठरवले. त्यानंतर मार्चमध्ये विमा नियामकाने आरोग्य विमा कंपन्यांना या कारणावरून दावे नाकारू नका असे कळवले. "जेनेटिक आहे म्हणून" एवढ्या कारणावर दावा फेटाळला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे शुल्क लागत नाही.
- २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो.
- जनुकीय भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून निरोगी नातेवाइकाने तपासणीआधी विमा घेऊन ठेवला तर त्यात गैर काही नाही. अर्जातल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे मात्र गैर आहे, आणि पुढे तेच अंगाशी येते.
- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा उपयोग मुख्यतः दाखल होऊन केलेल्या उपचारांसाठी होतो. जनुक तपासणीचा खर्च तीत धरून चालू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. ट्रस्टचा निधी कुठे मिळतो हे त्यांना ठाऊक असते.

नातेवाइकांना निरोप

हे काम लोक सर्वांत जास्त टाळतात. कुणाच्या मुलीचे बघायचे चालू असते, कुणाशी दहा वर्षे बोलणे नसते. फोन जमत नसेल तर एवढे लिहून पाठवा:

"माझ्या मानेतल्या गाठीमागे एसडीएचडी नावाच्या जनुकातला बदल सापडला आहे. तो आपल्या आजोबांकडून आला असावा, म्हणून तुमच्यातही असण्याची शक्यता आहे. असला तरी सगळ्यांना त्रास होत नाही; कोणाकडून मिळाला यावर ते ठरते. साध्या रक्ततपासणीत कळते. माझ्या रिपोर्टची प्रत सोबत आहे, ती तपासणीच्या वेळी दाखवावी लागते. करायची की नाही आणि कधी, हे तुम्ही ठरवा. काही विचारायचे असेल तर मला फोन करा."

रिपोर्टची प्रत विसरू नका, तिच्याशिवाय त्यांची तपासणी महाग होते. आणि हा निरोप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, एकेकाला वेगळा पाठवा. सुरुवात आत्याच्या मुलापासून करा.